घरातलं पहिलं कुलूप

९ जानेवारी

प्रिय भुंग्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी उजेडाला धरलं असशील, मग उलटंपालटं केलं असशील, आणि मगच फोडलं असशील. लहानपणी घरातलं एक घड्याळ, एक कुलूप तू पोखरल्यावाचून सोडलं नाहीस, म्हणून तर तुझं नाव भुंगा पडलं. पुढे कुलपं दुरुस्त करायचंच दुकान काढलंस तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्र निदान अर्धं तरी वाचशील.

अठरा वर्षांनी लिहितेय, तेव्हा आडवळणं नकोत. मागच्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर निघाला. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. आता कुरळे आलेत, आई म्हणते मेंढी दिसतेस. मी बरी आहे. शिवणाचं दुकान रोज उघडते, कात्री चालते, गिऱ्हाइकांशी भांडते.

पण लिहायचं कारण ते नाही. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं. म्हणाल्या, तुमच्या एका जनुकात जन्मापासून बिघाड आहे आणि तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असणार. मग आईचं रक्त तपासलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुई बघून तिने सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं, पण रक्त स्वच्छ निघालं. म्हणजे हे बाबांकडून आलं. बाबांना ते आजीकडून किंवा आजोबांकडून आलं असणार, तेव्हा त्यांच्या पाठच्या भावाकडे, म्हणजे काकाकडे, तुझ्या वडिलांकडेही ते असू शकतं. काकाकडे असेल, तर तुझ्याकडे असण्याची शक्यता निम्मी. तुझ्याकडे असेल, तर तुझ्या लेकीकडे, चिमणीकडे असण्याची निम्मी. नाणं उडवावं तसं. बिघाड असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका खूप वाढतो. आणि आधी कळलं तर बरंच काही करता येतं.

माझ्या रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे. ती दाखवली की तपासणाऱ्यांना नेमकं काय शोधायचं ते कळतं. तू तपासून घे. आणि चिमणीला सांग. पोरगी आता चोवीसची झाली. तुझ्या दुकानात तुझ्या शेजारी बसून किल्ल्या कापते असं इकडून तिकडून कानावर येतं. ऐकून फार बरं वाटलं.

एक सदरा पाठवतेय. माप आठवणीतलं आहे, पोट वाढलं असेल तर बाजूची शिवण सोडून घे. डावा खिसा दुहेरी कापडाचा केलाय, कारण किल्ल्या आणि स्क्रू कोंबून तू प्रत्येक खिशाची चाळणी करतोस.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

ताई,

पत्र उजेडाला धरलं नाही. नुसतं हातात घेऊन वजन बघितलं. आत दोन कागद आहेत हे कळलं.

तुझ्या आजाराचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं, हे आधी लिहितो, कारण पुढचं तुला आवडणार नाही.

माझा धंदाच असा आहे की कुणी येऊन म्हणालं, चला, माझ्या घराचं कुलूप उघडून द्या, तर मी आधी विचारतो, घर तुमचंच कशावरून? निम्म्या वेळा ते दुसऱ्याचं निघतं. तर मला सांग, हे घर आमचं कशावरून? माझे वडील काविळीने गेले, सगळ्यांना माहीत आहे. तुझा आजार बायकांचा. तो काकापुतण्यांच्या रांगेतून चालत चालत चिमणीपर्यंत येतो हे मला पटत नाही. तुझ्या आजोळची माणसं काही कमी आजारी नव्हती. तुझ्या आईची तपासणीच चुकली असेल. तिने हात कुठे धड ठेवला असणार?

आता स्पष्टच बोलतो. तुला चिमणी हवी आहे. तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि तू तिला दोन वर्षं सांभाळलंस, ते उपकार मी नाकारत नाही. पण मी न्यायला आलो त्या दिवशी ती तुझ्या मागे लपली आणि तुला आई म्हणाली. आणि तू तिला सुधारलं नाहीस. मी तिला तशीच उचलून गाडीत घातलं. अठरा वर्षं तुला तिच्यापर्यंत यायला वाट सापडली नाही, आता ही रक्ताची सापडली.

तिला एक ओळ लिहायची नाही. फोन नाही, निरोप नाही. तुझं पत्र आणि रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलंय. चांगलं सात लिव्हरचं आहे, ऐऱ्यागैऱ्याला उघडायचं नाही.

सदरा बसला. पोट वाढलेलं नाही, उलट सैलच होतो. डावा खिसा मात्र उसवून काढला. घासतो.

भुंगा


१९ फेब्रुवारी

भुंग्या,

तुझं पत्र वाचून आधी मोठी कात्री शोधली. कापायला नाही, तुला मारायला.

चिमणीला मी लिहिणार नाही. शब्द देते. तू सांगेपर्यंत तिला माझ्याकडून एक अक्षर जाणार नाही. तिला सुधारलं नाही, हे खरं आहे. त्या क्षणी मला फार आवडलं होतं ते. पुरे?

पण जनुकाला मिशा दिसत नाहीत, रे. ते बापाकडून लेकीकडे जातं, आईकडून लेकाकडे जातं, त्याला काही सोयरसुतक नाही. आणि तुझ्या त्या काविळीबद्दल मला आता शंका येते. कावीळ झालेली माणसं मी बघितलीत, ती बरी होतात नाहीतर झटकन जातात. काका सहा महिने वाळत गेला. शेवटी शेवटी त्याची विजार मी तीनदा कमरेत आत घेतली. डॉक्टर बाहेर आले, तुझ्याशी दाराआड बोलले, आणि तू आमच्याकडे येऊन म्हणालास, कावीळ आहे. डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते, भुंग्या? डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम विचारलं की घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता का. तोही याच बिघाडाने होऊ शकतो.

माईआत्या आठवते? माझ्या बाबांची आणि काकाची एकुलती बहीण. तिला छातीवर गळू झालं होतं असं तुला सांगितलंय. मला शिवण तिनेच शिकवलं, आणि माझं पहिलं काम काय होतं माहीत आहे? तिच्या कपड्यांच्या डाव्या बाजूला अस्तरात कापूस भरायचा. सारखा भरायचा, गोळा होऊ द्यायचा नाही, आणि कुणाजवळ बोलायचं नाही. गळू कापल्यावर कुणाला कापूस लागत नाही. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. आपल्या घरात कॅन्सरने कुणी गेलंच नाही बघ. कुणी गळवाने, कुणी काविळीने, कुणी अशक्तपणाने. घर कसं अगदी निरोगी!

चिमणी चोवीसची आहे. मला झोप लागत नाही.

आणि राग काढायचा तर माझ्यावर काढायचा, खिशाने तुझं काय घोडं मारलं होतं? दोन दोन टिपा घातल्या होत्या मी त्याला.

ताई


२७ मार्च

ताई,

शब्द मोडलास ना शेवटी?

नाही म्हणू नकोस. चिमणी गेला महिनाभर बदललीय. परवा किल्ली घासता घासता सहज विचारल्यासारखं करून म्हणाली, बाबा, आजोबा नक्की कशाने गेले? या पोरीने जन्मात कधी आजोबांचं नाव काढलं नव्हतं. मग म्हणाली, आजोबांना बहीण होती ना? मग औषधाच्या दुकानासमोर मला वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा दोनदा बघितला. धुवायचे कपडे मी स्वतः भिजवतो, तर माझ्या हातातून बनियन ओढून घेतलं आणि विचारलं, हा डाव्या बाजूला डाग कसला? म्हटलं, गंजाचा. किल्ल्या असतात खिशात.

आणि ऐक. मागच्या आठवड्यात मैत्रिणीकडे जाते सांगून दिवसभर दुकानाला दांडी मारली. परत आली तर कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला. म्हटलं हे काय? म्हणाली, रक्तदान केलं. मैत्रिणीकडे? ती आंघोळीला गेल्यावर तिची पर्स बघितली. नको ते करायला लावलंस तू मला. पर्समध्ये काही नव्हतं. इतकी रिकामी पर्स कुणाचीच नसते.

हे सगळं तिच्या डोक्यात आपोआप आलं? ड्रॉवरची किल्ली माझ्या करगोट्याला असते, आंघोळीतसुद्धा. तेव्हा ड्रॉवर नाही, तूच. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे हीच होती.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

भुंगा


४ एप्रिल

भुंग्या,

हे पत्र पाठवतेय. फाडायचं तर वाचून फाड.

मी चिमणीला लिहिलेलं नाही. आईच्या पायांवर हात ठेवून सांगते, आणि आई इथेच बसलीय, ती म्हणते पाय दुखतात, नीट हात ठेव. तिला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. तुझा विश्वास बसो न बसो.

पण ते राहू दे बाजूला. तुझं पत्र मी कापायच्या टेबलावर पसरून तीनदा वाचलं. तू लिहितोस, डाग डाव्या बाजूला आहे आणि तो खिशातल्या किल्ल्यांच्या गंजाचा आहे. अरे, डावा खिसा तर तूच उसवून काढलास ना? घासतो म्हणून. मग किल्ल्या कुठल्या खिशात गंजल्या? आणि डाग सदऱ्याला नाही, आतल्या बनियनला.

मी तुझी मापं तू शाळेत होतास तेव्हापासून घेतेय. तुझ्या खांद्यावर पोतं टाकलं तरी तुला कधी काही घासलं नाही. मला वाटलं, रागाने खिसा काढलास. मूर्ख मी. दुहेरी मऊ कापडाचा खिसा छातीला घासतो, डाव्या बाजूला डाग पडतो, सदरा सैल होतो. भुंग्या, तिथे गाठ आहे का?

पुरुषांनाही होतो हा. क्वचित होतो, पण होतो, आणि हा बिघाड असला तर जास्त होतो. डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी तुला पहिल्या पत्रात तेवढंच लिहायचं विसरले. सगळा वेळ मी चिमणीची काळजी करत बसले, तुझी केलीच नाही.

उद्याच्या उद्या जा. माझ्यावर संशय घे, शिव्या घाल, पण दुकान बंद करून जा.

ताई


१९ एप्रिल

ताई,

गाठ आहे. मागच्या दिवाळीपासून आहे, म्हणजे तुझ्या पत्राच्याही आधीपासून. हरभऱ्याएवढी होती, आता त्याहून मोठी. वाटलं, हत्यारांच्या पिशवीचा पट्टा घासून झाली असेल. पुरुषाच्या छातीत दुसरं काय व्हायचं?

गेलो. सुई घालून तपासली. तेच आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. रक्तही घेतलंय, तुझा रिपोर्ट दाखवला. डॉक्टर मला म्हणाले, तुमच्या बहिणीने तुम्हाला वेळेवर सांगितलं, नाही का? मी मान हलवली. कशी हलवली ते माझं मला माहीत.

वडिलांच्या वेळी डॉक्टर स्वादुपिंडच म्हणाले होते. मला तो शब्द घरात आणायचा नव्हता.

चिमणीला सांगितलंय, हर्नियाचं ऑपरेशन आहे. ती माझ्याकडे बघून बरं म्हणाली. तिच्या त्या 'बरं'ची मला भीती वाटते. तू लिहिलं नाहीस हे अजून मी पुरतं मानलेलं नाही, तुझ्यापासून लपवत नाही. पण तू नाहीस तर कोण? दुकानात कुणी येतं का तिला भेटायला? मी आता तिच्यावर लक्ष ठेवतो आणि मला वाटतं तीही माझ्यावर ठेवते. एका टेबलावर समोरासमोर बसून जेवतो आणि दोघंही ताटात बघतो.

भुंगा


२५ एप्रिल

भुंग्या,

हर्निया छातीत होतो होय? नवीनच ऐकतेय. पोरीला तू काय दूधखुळी समजतोस?

रडून झालं, म्हणून आता लिहायला बसले. ऑपरेशनला घाबरू नकोस. शुद्धीवर आल्यावर पाणी मागशील, ते देणार नाहीत, तेव्हा नर्सशी भांडू नकोस. टाके पडल्यावर पुढून उघडणारे सदरे लागतील, हात वर होणार नाही. चार शिवून पाठवलेत. खिसे नाहीत.

आता माझी एकच मागणी आहे. चिमणीला सांग. मी सांगणार नाही, तू म्हणालास तरी नाही. मी सांगितलं तर तिच्या मनात जन्मभर राहील की बाप बोलला नाही. तुझ्या रक्ताचा निकाल आला की त्याच दिवशी, तुझ्या तोंडाने. संशय घ्यायला पुढे आयुष्य पडलंय, मी कुठे पळून जात नाही.

ताई


११ जून

ताई,

निकाल आला. बिघाड आहे. तुझा आहे तोच, तसाच.

ऑपरेशन नीट झालं, पण बगलेतल्या दोन गाठींपर्यंत पोचलं होतं. पुढे औषधं आहेत. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आला असतात तर एवढं लागलं नसतं. जानेवारीत तुझं पत्र आलं होतं. मी त्याला कुलूप लावत होतो.

तू सांगितलंस तसं त्याच दिवशी केलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चिमणी कानस घेऊन किल्ली घासत होती. मी म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती घासायची थांबली नाही. मान खाली घालूनच म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

मी म्हटलं, "आत्याने लिहिलं ना?"

"आत्याने काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही कुलूपवाले, आणि आपल्या घरात बाहेरचं दार सोडलं तर मी जन्मात कुलूप बघितलं नाही. कपाटाला नाही, पेटीला नाही. तुम्हीच म्हणायचात, घरच्या माणसांना कुलूप लावायचं असेल तर घर कशाला हवं? आणि एक दिवस बघते तर ड्रॉवरला सात लिव्हरचं! मला वाटलं, तुम्ही दुसरं लग्न करताय."

ताई, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी विचारलं, "उघडायला किती वेळ लागला?"

"तुम्ही शिकवलंय तेवढाच," म्हणाली.

किल्ली मी करगोट्याला बांधून फिरत होतो. आणि कुलपं उघडायला तिला मीच शिकवलं, ती दहा वर्षांची असल्यापासून. शहरातल्या कुठल्याही चोराला जमलं नसतं ते, हे मला अभिमानाने सांगायची सवय आहे.

फेब्रुवारीतच तिने तुझं पत्र वाचलं. मार्चमध्ये तुझ्या रिपोर्टचा फोटो घेऊन जाऊन रक्त दिलं, तो कापसाचा बोळा त्याचाच. तिच्यातही आहे, ताई. नाणं माझ्या वेळी उलटं पडलं आणि तिच्या वेळीही.

मी विचारलं, मला का नाही बोललीस? मी बापासारखं रागाने विचारलं. तेव्हा तिने कानस खाली ठेवली. म्हणाली, "माझ्यात आहे असं सांगितलं असतं, तर ते तुमच्याकडून आलंय हे तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं असतं. आत्याची आई स्वच्छ निघाली, म्हणजे सगळा माग आजोबांवरून तुमच्यावरच येतो. ते मी तुम्हाला कसं सांगू? आजोबांबद्दल विचारून बघितलं, वजन करून बघितलं, बनियन बघितलं. तुम्ही गंज म्हणालात. म्हटलं, थांबू, कधीतरी कुलूप काढतील."

मी तिला वाचवायला लपवत होतो आणि ती मला वाचवायला थांबली होती. मी तुझ्यावर पाळत ठेवली, तिच्या पर्समध्ये हात घातला, आणि माझ्या छातीवरचं दिसत असून बघितलं नाही. मग आम्ही दोघं तिथेच दुकानात बसून रडलो. एक माणूस कुलूप घेऊन आला आणि दारातूनच परत गेला.

तिच्या तपासण्या झाल्यात. आत्ता काही नाही, पुन्हा सांगतो, काही नाही. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं म्हणाले. पुढे काय करायचं ते तिचं तिला ठरवायचंय, आणि त्यासाठी तिला कुणाशी तरी बोलायचं आहे. माझ्याशी नाही. तिने मला तोंडावर सांगितलं, बाबा, हे तुमच्याने व्हायचं नाही.

शनिवारच्या गाडीने ती तुझ्याकडे येतेय. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना भेटव. तिला काय सांगायचं, किती सांगायचं, हे मला विचारू नकोस. सगळं सांग, माईआत्याचा कापूससुद्धा. पहिला सदरा तिच्याबरोबर पाठवतो, उसवलेला खिसाही टाकून दिलेला नाही, आतच घडी घालून ठेवलाय. तो उजव्या बाजूला लावून दे. डावीकडे आता काही ठेवायचं नाही.

ड्रॉवरचं कुलूप काढलं. चिमणीने ते विकायच्या कुलपांत मांडलंय.

आणि तिथे असताना तिच्या तोंडून तुला चुकून 'आई' निघालं, तर या वेळीही सुधारू नकोस. मी गाडी घेऊन येणार नाही.

भुंगा